इराणचा अणुपेच, भाग ५ : साठ टक्क्यांचे गणित

गेल्या आठवड्यात आपण जुलै २०१५ मधल्या व्हिएन्ना करारापाशी थांबलो होतो. त्या करारातला कळीचा आकडा होता ३.६७ टक्के. युरेनियमचे समृद्धीकरण इराणने पंधरा वर्षे याच्या पुढे न्यायचे नाही, असे ठरले होते. आता बॉम्बसाठी साधारण नव्वद टक्के लागतात हे बहुतेकांना ठाऊक असते. मग जग चार, वीस, साठ अशा आकड्यांवरून हातघाईवर का येते? साठपासून नव्वदपर्यंत अजून बराच पल्ला आहे, असे कोणालाही वाटेल. तसे अजिबात नाही, आणि सगळ्या तंट्याचे मूळ इथेच आहे.

खाणीतून निघालेल्या युरेनियमचे हजार अणू घेतले तर त्यांत कामाचे, म्हणजे युरेनियम-२३५ चे, जेमतेम सात असतात. बाकीचे ९९३ युरेनियम-२३८ चे. हे २३८ बाजूला काढत जायचे, याचेच नाव समृद्धीकरण. सातांचे प्रमाण चार टक्क्यांवर आणायचे तर एकूण १७५ अणू उरायला हवेत; म्हणजे ८२५ काढावे लागले. वीस टक्क्यांना ३५ उरतात, आणखी १४० गेले. साठ टक्क्यांना उरतात बारा. आणि तिथून नव्वदच्या आसपास जायला त्या बारांतले फक्त चार काढायचे! कारखान्यात सातच्या सात अणू हाती लागत नाहीत, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे; पण मेहनतीची वाटणी साधारण अशीच पडते. अणुवीज केंद्राच्या इंधनापर्यंत येतानाच निम्म्याहून जास्त वाट संपलेली असते. साठवर आलेला देश जवळजवळ पोचलेलाच असतो.

हे काढणे मात्र महाकिचकट. दोन्ही अणूंचे रासायनिक वागणे सारखेच, फरक तेवढा वजनाचा, तोही तीन न्यूट्रॉनचा. इराणमध्ये इस्फहानला युरेनियमचा फ्लोरिनशी संयोग घडवून त्याचे संयुग तयार करत आणि नतान्झला ते वायुरूपात सेंट्रिफ्यूजमध्ये सोडत. इराणचे पहिल्या पिढीचे सेंट्रिफ्यूज, आयआर-१, म्हणजे माणसाच्या उंचीचे नळकांडे. आतला रोटर सेकंदाला हजार फेऱ्यांच्या घरात फिरतो, तेव्हा जड रेणू कडेकडे सरकतात आणि हलके मध्याकडे राहतात. एका यंत्रात पडणारा फरक इतका नगण्य, की वायू एकातून दुसऱ्यात असा खेळवत न्यावा लागतो. नतान्झच्या सुरुवातीच्या काळात १६४ यंत्रांची एक साखळी असे. यंत्राचे मूळ आराखडे पाकिस्तानच्या ए. क्यू. खान यांनी १९७० च्या दशकात नेदरलँड्समधून पळवलेले, आणि त्यांच्याच जाळ्यातून ते इराणपर्यंत पोचले. विजेसाठीचे इंधन ज्या साखळ्यांत तयार होते, त्यांचीच जोडणी बदलली की पुढचा मालही तयार होतो. त्यामुळे नुसती यंत्रे पाहून कोणाचा हेतू सांगता येत नाही.

इराणची बाजू समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. शहाच्या काळात इराणने युरोडिफ या फ्रान्समधल्या समृद्धीकरण प्रकल्पात दहा टक्के वाटा घेतला होता आणि एक अब्ज डॉलरचे कर्जही दिले होते. १९७९ ची क्रांती झाली, नव्या राजवटीने स्वतःच अणुकार्यक्रम गुंडाळला. मात्र पुढे विचार बदलल्यावर त्या प्रकल्पातून इराणच्या पदरी समृद्ध युरेनियम काही पडले नाही. पैशांचा वाद १९९१ पर्यंत चालला. दुसऱ्याच्या भरवशावर इंधन मिळत नाही, हा धडा तेहरानने तेव्हा घेतला.

आपल्याला हे दुखणे परके नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, १९६९ मध्ये सुरू झालेल्या, आणि त्यांचे समृद्ध युरेनियमही करारानुसार अमेरिकेकडूनच यायचे. १९७४ ची पोखरण चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि पुरवठा आटला. शेवटी १९८० च्या दशकात फ्रान्सकडून इंधन मिळवून ती वेळ निभावून न्यावी लागली. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर कधी सही केली नाही. इराणने १९६८ मध्ये केली. त्या करारातले चौथे कलम शांततेसाठी अणुऊर्जा वापरण्याचा अधिकार देते आणि इराण कायम त्यावर बोट ठेवतो. इस्रायल तर करारात आलाच नाही, स्वतःच्या अण्वस्त्रांबद्दल तो हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. इराणी माणसाला हे खुपते, आणि खुपण्यासारखेच आहे.

एवढे सगळे मान्य करूनही साठ टक्क्यांचे समर्थन मला करता येत नाही. बुशेहरच्या वीजकेंद्राचे इंधन रशिया पुरवतो. तेहरानच्या संशोधन अणुभट्टीला वीस टक्के पुरतात. साठ टक्क्यांवर चालणारे एकही वीजकेंद्र इराणमध्ये नाही. एप्रिल २०२१ मध्ये नतान्झला घातपात झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच हे समृद्धीकरण सुरू झाले. ते राजकीय उत्तर होते. अण्वस्त्रे नसताना साठ टक्क्यांचे युरेनियम तयार करून साठवणारा जगात तेव्हा दुसरा देश नव्हता.

मग हेतू ओळखायचा कसा? इथे कामाला येतो तळहाताएवढा सुती कापडाचा तुकडा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक यंत्रांजवळचे पृष्ठभाग त्याने पुसून घेतात, पिशवीत बंद करतात आणि नमुना प्रयोगशाळेत जातो. डोळ्यांना न दिसणारा कण तिथे आपली टक्केवारी सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये कोमजवळच्या, डोंगराच्या पोटातल्या फोर्दो कारखान्यात निरीक्षक पूर्वसूचना न देता पोचले, तर दोन साखळ्यांची जोडणी परस्पर बदललेली. लगेच घेतलेल्या नमुन्यात ८३.७ टक्क्यांपर्यंतचे कण निघाले. हा नकळत झालेला चढउतार होता, असे इराण म्हणाला आणि हा खुलासा आपल्याकडच्या माहितीशी विसंगत नाही, असे संस्थेनेही पुढे नोंदवले. संशय आला, विचारणा झाली, उत्तर तपासले गेले. तपासणीची ही किमया मला सगळ्या बॉम्बफेकी विमानांपेक्षा मोलाची वाटते.

दुर्दैव असे, की नेमकी तीच हळूहळू हातातून गेली. इराण २०१५ चा करार पाळतो आहे, असे संस्था अहवालामागून अहवालात सांगत असताना ८ मे २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढले. माझ्या मते या कहाणीतला सर्वांत महाग पडलेला निर्णय तोच. वर्षभराने इराणने मर्यादा ओलांडायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाढीव तपासणीची मुभा काढून घेतली, जून २०२२ मध्ये संस्थेचे २७ कॅमेरे उतरवले.

१२ जून २०२५ रोजी संस्थेच्या नियामक मंडळाने इराणवर जबाबदाऱ्या न पाळल्याचा ठपका ठेवला. दुसऱ्याच दिवशी इस्रायलने हल्ला केला आणि २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानवर हल्ले केले. हल्ल्याआधीचा संस्थेचा अंदाज होता ४४०.९ किलो, साठ टक्क्यांचा. असे ४२ किलो युरेनियम आणखी समृद्ध केले तर एका बॉम्बला पुरते, असे संस्थेचे माप सांगते. म्हणजे दहा बॉम्बचा ऐवज. हल्ल्यांत यंत्रांची नासधूस झाली. पण हा माल वाहनातून हलवता येईल एवढ्या टाक्यांत मावतो, आणि जुलैच्या सुरुवातीला निरीक्षकांना इराण सोडावा लागला. ते वर्ष सरेपर्यंत तो साठा कोणालाही मोजता आला नव्हता. हल्ल्याआधी किलोच्या दशांशापर्यंत हिशेब लागत होता, हे इथे विसरू नये.

ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने ऑगस्ट २०२५ मध्ये जुने निर्बंध परत आणण्याची प्रक्रिया सुरू केली आणि सप्टेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पुन्हा लागू झाले. निर्बंधांच्या या हत्याराने इराणी घरांचे काय होते, आणि भारताचे तेल व चाबहार बंदर त्यात कसे अडकले, ते पुढच्या भागात पाहू.