कॅनकूनचा समुद्र आणि आपली माणसं

मार्च महिना जवळ आला की आपल्या पॉटलकमध्ये एकच विषय निघतो: स्प्रिंग ब्रेकला यंदा कुठे? ऑरलँडो दोनदा झालेलं असतं. नायगारा तर देशातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर होतोच. मग कोणीतरी कॅनकूनचं नाव काढतं आणि लगेच दोन तट पडतात. मुलांचे डोळे चमकतात, आणि आई-बाबा इकडे आलेले असले तर आपणच म्हणतो, "छे! तिथे सगळी कॉलेजची पोरं, दारू आणि हुल्लड. या लोकांना घेऊन कुठे जायचं तिथे?"

आम्ही चार कुटुंबं मिळून गेलो होतो. दोन जोड्या आजी-आजोबा, शाळेतली पाच मुलं आणि एक कॉलेजकुमार. सगळ्यांना आवडलं, अगदी नऊवारीतल्या आजींनासुद्धा. पण कॅनकून सगळ्यांना आवडावं असं वाटत असेल, तर तिकिटं काढण्याआधी नकाशा उघडून पाहावा. हॉटेल किती तारांकित आहे यापेक्षा ते किनाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे जास्त महत्त्वाचं आहे. आणि ही गोष्ट केवळ सोयीची नाही, जिवाची आहे. म्हणूनच हा लेख.

कॅनकूनचा हॉटेलांचा भाग म्हणजे बावीस-तेवीस किलोमीटर लांबीची रेतीची एक चिंचोळी पट्टी. तिचा आकार इंग्रजी सातच्या आकड्यासारखा. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला निचुप्ते नावाचं मोठं खाजण. मधून एकच मोठा रस्ता जातो आणि त्याच्या कडेला किलोमीटरचे आकडे लावलेले असतात. तिथे पत्ता सांगतात तो याच आकड्यांनी. साताची वरची आडवी रेघ उत्तरेकडे तोंड करून आहे. तिच्या समोर इस्ला मुहेरेस बेट आडवं आल्यामुळे तिथलं पाणी संथ असतं. उभी लांब रेघ मात्र पूर्वेकडे, थेट उघड्या समुद्राकडे पाहते. फोटोंत दिसतो तो निळ्या रंगाच्या सात छटांचा समुद्र बहुतेक इथला, आणि लाटाही इथल्याच. दोन रेघा जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, म्हणजे नवव्या-दहाव्या किलोमीटरच्या आसपास, बीच क्लब, डिस्को आणि कोको बोंगोसारखी रात्रभर चालणारी नाचगाण्याची ठिकाणं आहेत.

एवढं नीटनेटकं गाव पाहून नवल वाटतं. पण ते आपोआप वाढलेलं गावच नव्हे. साठच्या दशकाच्या अखेरीस इथे नारळाची झाडं आणि मोजकी माणसं होती. मेक्सिकोच्या रिझर्व्ह बँकेने, म्हणजे बांको दे मेहिकोने, परकीय चलन मिळवण्यासाठी पर्यटनाची जागा शोधली आणि १९७० च्या सुमारास काम सुरू केलं. आपल्याकडे नव्या मुंबईसाठी सिडको स्थापन झाली तीही १९७० सालीच. तिथल्यासारखंच इथेही कामकरी लोकांसाठी मुख्य भूमीवर सेक्टर पाडून वेगळं शहर आखलं. पहिली हॉटेलं १९७४ च्या सुमारास उघडली. १९८१ साली श्रीमंत आणि गरीब देशांच्या प्रमुखांची मोठी परिषद इथे भरली, तेव्हा आपल्या इंदिरा गांधीही आल्या होत्या. आमच्याबरोबरच्या आजोबांना हे पक्कं आठवत होतं, आणि विमानतळापासून हॉटेलपर्यंत त्यांनी ते सर्वांना सांगितलं.

आता किनारा कोणाचा? मेक्सिकोच्या कायद्याने समुद्रकिनारा राष्ट्राच्या मालकीचा आहे. भरतीच्या रेषेपासून आतली वीस मीटरची पट्टीसुद्धा केंद्र सरकारचीच. ती हॉटेलांना आणि क्लबांना परवान्याने वापरायला देतात, त्यामुळे खुर्च्या आणि छत्र्या त्यांच्या असू शकतात. पण रेतीवरून चालायला, समुद्रात जायला, आपली चटई पसरून बसायला कोणी मनाई करू शकत नाही. २०२० साली कायद्यात सुधारणा होऊन किनाऱ्याची वाट अडवणाऱ्याला दंडाचीही तरतूद झाली. प्रत्यक्षात काय होतं? एका हॉटेलच्या पहारेकऱ्याने आम्हांला, "इथे फक्त आमचे पाहुणे," असं ऐकवलंच. आमच्यातल्या एकीने मोडक्या स्पॅनिशमध्ये "प्लाया पुब्लिका" एवढे दोन शब्द शांतपणे उच्चारले आणि तो हसून बाजूला झाला. भांडण्याची गरज पडली नाही. तरी हॉटेलच्या लॉबीतून घुसण्यापेक्षा सार्वजनिक वाटांनी जावं. लांगोस्ता, तोर्तुगास, काराकोल, गाव्योता आसूल, चाक मूल, मार्लिन, देल्फिनेस अशा नावांच्या पाट्या रस्त्यावरच आहेत, आणि सिटी बस त्या रस्त्याने सारखी धावत असते.

मग बीच क्लबला पैसे कशाचे द्यायचे? खुर्ची, सावली, पोहण्याचा तलाव, स्वच्छ संडास, गोड्या पाण्याचा शॉवर आणि संगीताचे. आजी-आजोबा बरोबर असताना यातल्या पहिल्या पाच गोष्टी अनमोल आहेत, हे मी अनुभवाने सांगते. दरवाज्यावर एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्यावी. काही ठिकाणी नुसती प्रवेश फी असते, ती गेली ती गेली. काही ठिकाणी 'कोन्सुमो मिनिमो' असतो, म्हणजे ठरावीक रकमेचं खाणंपिणं घ्यावंच लागतं, पण ती रक्कम आपल्या बिलातून वळती होते. आपल्यासारख्या खाणाऱ्या मंडळींना दुसरा प्रकार परवडतो. बिल पेसोमध्ये मागावं, कारण डॉलरचा भाव क्लबवाले स्वतःच ठरवतात. आणि 'प्रोपिना', म्हणजे टिप, आधीच धरली आहे का तेही पाहावं. नाहीतर आपण भाबडेपणाने दुसऱ्यांदा देतो.

सकाळी गेलात तर हेच क्लब एखाद्या बागेसारखे शांत असतात. दुपारी ढोल बडवल्यासारखं संगीत सुरू होतं, फेसाच्या पार्ट्या होतात आणि मार्च महिन्यात तर पाय ठेवायला जागा नसते. आमचं सोपं वेळापत्रक होतं: सकाळी सगळे क्लबमध्ये, जेवण झालं की आजी-आजोबा आणि धाकटी मुलं खोलीवर, आणि ज्यांना नाचायचं ते मागे. नाचायला मागे राहिलेल्यांत एक आजी होत्या, एवढं सांगते. नाव सांगत नाही, कारण हे वार्तापत्र त्यांच्या मुलाच्या घरीही जातं.

कॉलेजच्या मुलांचे आईवडील असाल तर थोडं थांबा. मेक्सिकोत दारू पिण्याचं कायदेशीर वय अठरा आहे. अमेरिकेत ज्याला एकविसाव्या वर्षापर्यंत ग्लास मिळत नाही, त्याच्या मनगटाला इथे 'बारा लिब्रे'चा, म्हणजे हवी तेवढी प्या असा, पट्टा बांधतात. मुलांना जाऊ देऊ नका असं मी म्हणणार नाही. पण दारू पिऊन समुद्रात उतरायचं नाही, आणि रात्रीच्या समुद्रात तर न पिताही उतरायचं नाही, हे निघण्यापूर्वी एकदा स्पष्ट शब्दांत बोलून घ्या.

समुद्राबद्दल जरा सविस्तर लिहिते. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं पोहणं म्हणजे गावची विहीर, नाहीतर इथल्या वायचा तलाव. पुष्कळांना तेवढंही येत नाही. आपण चौपाटीवर पाय ओले करणारी माणसं. आणि तरी पाणी दिसलं की साडी गुडघ्यापर्यंत खोचून सगळे जण हात धरून आत जातो. गणपतीपुळ्याला काय होतं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली पुण्याची १४ मुलं-मुली बुडाली. कॅनकूनच्या पूर्वेकडच्या रेघेवरही तसाच ओढणारा समुद्र आहे.

लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे आणून टाकतात. त्या पाण्याला परत जायचं असतं. पाण्याखालच्या रेतीच्या बांधात कुठेतरी खिंड असते, तिथून ते पाणी जोराने समुद्राकडे वाहतं. हाच 'रिप करंट'. यातली फसवी गोष्ट अशी की त्या खिंडीवर लाटा कमी फुटतात. म्हणजे दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये गुळगुळीत, जरा गडद पाणी दिसतं. नवखा माणूस म्हणतो, इथे शांत आहे, मुलांना इथे सोडू. तीच जागा वाईट. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे सरळ पोहण्याच्या धडपडीत थकून. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर पडावं आणि मग वळावं. येत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करावा आणि ओरडावं. काठावरच्याने मागोमाग उडी मारू नये. आपल्याकडे एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा जातो. तरंगणारं काही असेल ते फेकावं आणि जीवरक्षकाला हाक मारावी. मेक्सिकोतही मदतीचा नंबर ९११ च आहे.

किनाऱ्यावर बावटे लावलेले असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे समुद्र बंद. पूर्वेच्या बाजूला पिवळा आणि लाल नेहमीच दिसतात. आमचा नियम साधा होता. पोहता न येणाऱ्याने पूर्वेच्या बाजूला, बावटा कोणताही असो, घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. पाण्यात जायचं तर उत्तरेच्या बाजूला, लांगोस्ता किंवा तोर्तुगासला, जिथे बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढं असतं. ओली साडी आणि ओढणी पायांत गुंडाळते, म्हणून आम्ही बायकांनी सरळ लेगिंग आणि टीशर्ट घातले. कोणी वळूनही पाहिलं नाही. मुलांसाठी लाइफ जॅकेट इथूनच न्यावीत. हवा भरायची बदकं आणि मगरी ही खेळणी आहेत, ती वाऱ्याने आत जातात. खऱ्या मगरी दुसऱ्या बाजूला, खाजणात आहेत. तशा पाट्या आहेत, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. संध्याकाळी मुलांना खाजणाच्या काठी खेळू देऊ नका.

पूर्वेच्या बाजूला जाऊच नये असं मात्र नाही. अठराव्या किलोमीटरजवळचा देल्फिनेस किनारा पाहण्यासारखा आहे. त्याच्यामागे हॉटेलांची भिंत नाही, उंचावरून सगळा समुद्र दिसतो, झावळ्यांच्या छत्र्या फुकट आहेत. आजोबा मंडळी तिथे दोन तास नुसती बसली होती. रस्त्यापलीकडेच एल रे नावाचे जुने माया अवशेष आहेत, त्यांवर घोरपडीसारखे इग्वाना ऊन खात पडलेले असतात.

रेतीबद्दल दोन शब्द. ती पांढरी आहे कारण ती शंख-शिंपल्यांचा आणि प्रवाळाचा चुरा आहे, आणि म्हणूनच भर उन्हातही पाय फारसे भाजत नाहीत. पण आज दिसते ती सगळी रेती निसर्गाने तिथे ठेवलेली नाही. वाळूच्या टेकड्यांवरच हॉटेलं बांधल्यामुळे किनाऱ्याची शिल्लकच संपली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा वादळ तिथे ठाण मांडून बसलं आणि किनारा धुऊन गेलं. मग समुद्रातून रेती उपसून भरली. तीही बरीच वाहून गेली, म्हणून काही वर्षांनी पुन्हा भरली. अलीकडचा त्रास म्हणजे सारगासो नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ. २०१५ आणि २०१८ साली त्याचे ढीग लागले. साधारण एप्रिलपासून उन्हाळाभर ते येतं, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि दमेकऱ्यांना तो बाधतो. त्याचा मारही पूर्वेच्या बाजूलाच जास्त. उन्हाळ्यात जाणार असाल तर फेरीबोटीने इस्ला मुहेरेसला जाऊन तिथला उत्तर किनारा गाठा.

कागदपत्रांचं थोडक्यात: अमेरिकन पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू मुदतीचा व्हिसा असेल तरी लागत नाही, म्हणजे आई-बाबांचंही काम होतं. फक्त त्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना आणि परत येण्याच्या तारखेलाही चालू आहे ना, ते बघा. नियम बदलतात, म्हणून तिकिटापूर्वी वकिलातीकडून खात्री करावी. २०२१ पासून त्या राज्याचा पर्यटन-करही आहे, तो इंटरनेटवर भरता येतो.

जेवणाची चिंता शाकाहाऱ्यांनी फार करू नये, पण विचारून खावं. 'सिन कार्ने' म्हटलं तर मटण-बीफ नाही एवढंच कळतं, कोंबडी आणि मासे येऊ शकतात. घेवड्याची उसळ दिसायला निर्मळ, पण ती पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून 'सिन मान्तेका' म्हणावं. मक्याची तोर्तिया गरमागरम आली की आजी म्हणाल्या, "ही तर आपली भाकरीच." रस्त्यावर मक्याचं कणीस लिंबू-तिखट लावून मिळतं. ते तिखट मूळचं त्यांचं, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेलं.

आणि चिकू! घोलवड-डहाणूचा म्हणून आपण ज्याचा अभिमान धरतो, त्या चिकूचं माहेर हेच युकातान. तिथे त्याला 'चिकोसापोते' म्हणतात आणि आपला शब्दही त्याच नावावरून आला असं मानतात. झाडाच्या सालीला नागमोडी चिरा पाडून काढलेल्या चिकापासून पूर्वी अमेरिकेतलं च्युइंगगम बनत असे. हॉटेलं येण्यापूर्वी या मुलखातल्या जंगलात तोच मोठा धंदा होता. हॉटेलच्या नाश्त्यात चिकू दिसणार नाही. मुख्य शहरातल्या मेर्कादो बेइन्तित्रेस, म्हणजे तेवीस नंबरच्या मंडईत चौकशी करा. पिकलेलाच घ्या आणि तिथेच संपवा, कारण परतताना विमानतळावर अमेरिकेचे कस्टम्सवाले तो बॅगेतून काढून घेतील.