सनमायकातला कागद

जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या हॉटेलात चहाचा गरम कप ज्या गुळगुळीत टेबलावर आदळतो, ते टेबल कशाचे असते? ‘सनमायका’ हे तुमचे उत्तर बरोबर आहे. पण मायका म्हणजे अभ्रक, आणि ते त्यात औषधालाही नसते. असतो तो कागद!

थेंबभर पाण्याने फाटणारा कागद इतका चिवट कसा होतो? कागदातील सेल्युलोजचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाणी शिरले की ते पाण्याच्या रेणूंशी सलगी करतात आणि आपसातली पकड सुटते. जुन्या काळी घरोघरी रद्दीच्या लगद्यात वाटलेली मेथी कालवून, तो उपड्या भांड्यावर थापून टोपल्या करीत. मेथीच्या चिकाने टोपली टणक होई, पण भिजली की ढासळे. कारण तो चीकही पाण्यात फुगतो.

कारखान्यात मेथीची जागा राळ घेते. जाड तपकिरी कागद फिनॉल-फॉर्मॅल्डिहाइड राळेत भिजवून वाळवतात. त्याचे थर रचून वर मेलामाइन राळेतला नक्षीचा कागद ठेवतात आणि सुमारे १४० अंश सेल्सिअसला, दर चौरस सेंटिमीटरवर ७० किलोग्रॅमहून अधिक दाब देतात. राळेचे रेणू एकमेकांत गुंतून जे जाळे विणतात, ते वितळत नाही की विरघळत नाही. अमेरिकेत ओ’कॉनर व फेबर यांनी १९१३ च्या सुमारास राळेत भिजवलेल्या थरांचे पदार्थ बनविले, ते विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी. म्हणून ‘फॉर मायका’, अर्थात फॉर्मायका.

आता आपल्या शिवारात या. तंतू लाकडाचेच हवेत असे नाही. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या चुलीत जातात किंवा बांधावर जळतात. शेतात ठेवाव्यात तर गुलाबी बोंडअळीला आसरा. रावेर-यावलकडे घड उतरला की केळीचे खोड कापावेच लागते, ते एकदाच फळते. माटुंग्याच्या, १९२४ साली स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून चुऱ्याच्या दाबीव फळ्या आणि कागदही करून दाखविला आहे. मग अडते कोठे? पऱ्हाटी गाडीभर दिसते, वजनाला मात्र थोडी भरते. वाहतूक परवडत नाही. केळीच्या खोडात तर बहुतेक पाणीच!

खरा पेच राळेचा. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे. चुऱ्याच्या फळ्यांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या युरिया-फॉर्मॅल्डिहाइड राळेतून तो थोडा थोडा हवेत येत राहतो. शिवाय ते जाळे सुटत नसल्याने, हॉटेलातले टेबल मोडीत निघाले तरी त्यातल्या कागदाचा पुन्हा लगदा होत नाही. मेथीची टोपली मात्र रात्रभर बादलीत टाकली की पुरते.