नाक व वरचा ओठ यांची पुनर्रचना : पुण्याची शस्त्रक्रिया आणि आजचे पर्याय

‘नाक कापणे’ हा मराठीत आज केवळ वाक्प्रचार असला, तरी एके काळी ती प्रत्यक्ष शिक्षा होती. इंग्रजी फौजेतील गाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. (नाव पारशी वळणाचे असले, तरी समकालीन वृत्तांत त्यास मराठा शेतकरी म्हणतो.) वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक बसविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली. तीत शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत, कारागिराचे नाही.

पद्धत अशी : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून, मग सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याभोवती रेघ ओढावयाची. तेवढी त्वचा सोडवून, भुवयांमधील अरुंद पट्टा मात्र न तोडता, ती पिळून खाली आणावयाची. हा पट्टाच शस्त्रक्रियेचा प्राण होय, कारण नव्या नाकास रक्त त्यातूनच मिळते. सुमारे पंचविसाव्या दिवशी, त्वचा रुजल्यावर, तो तोडला जाई. सुश्रुतसंहितेत पानाच्या मापाने गालाची त्वचा घेण्याचा विधी आहे. ओठ सांधण्याचाही आहे. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये कपाळाच्या त्वचेची हीच पद्धत योजिली. कर्करोगात नाक गमावलेल्यांसाठी ती आजही वापरतात.

केवळ सौंदर्यासाठी आलेल्याचा प्रश्न निराळा. तेथे त्वचा आणावयाची नसून आतील हाड व कूर्चा घडवावयाची असते. वरचा ओठ लांब वाटत असल्यास नाकाखालील त्वचेची पट्टी काढून तो उचलता येतो; मात्र व्रण कायम राहतो. हायलुरॉनिक आम्लाच्या टोचणीने ओठ भरतो, पण परिणाम काही महिन्यांनी ओसरतो. नाकाचे टोक उचलले तरी ओठाची ठेवण बदललेली भासते, म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे इष्ट.

दुभंगलेल्या ओठात तर नाकपुडीही वाकडी असते. पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित (१९३०–२०११) यांनी अमेरिकेतून दरवर्षी येऊन भारतातील शिबिरांत अशी मुले विनामूल्य तपासली व दुरुस्त केली. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा ते स्वतः चाकाच्या खुर्चीत होते.