चित्राची उकल कोण करणार?

हार्डडिस्कवर साठवलेल्या चित्रफिती टीव्हीवर नीट लावून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘मीडिया सेंटर’ म्हणतात. ते निवडताना आपण त्याची सजावट पाहतो. आधी पाहायला हवे ते हे, की चित्राची उकल कोठे होणार?

एक हिशोब मांडू. एका चित्रात १९२० × १०८० बिंदू, दर बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे. म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट! एवढा मजकूर ५० लाख बिटांतही बसवता येतो, कारण लागोपाठच्या चित्रांत जे बदलत नाही ते पुन्हा साठवले जात नाही. पाहताना मात्र तो कुणाला तरी उलगडावा लागतो.

‘कोडी’ (२००२ मध्ये एक्सबॉक्ससाठी सुरू झालेला प्रकल्प, २०१४ पासून या नावाने) हे काम टीव्हीला जोडलेल्या यंत्रावरच करते. ‘जेलीफिन’मध्ये (२०१८) एक संगणक चित्रफिती पुरवतो, टीव्ही, फोन त्या उलगडून दाखवतात. टीव्हीला २०१३ची एच.२६५ पद्धत कळत नसेल, तर तो संगणक चित्रफीत चालू असतानाच ती जुन्या एच.२६४ पद्धतीत बदलून पाठवतो. हे काम जड असते. संगणक जुना असला तर चित्र अडखळते.

तेव्हा एकाच टीव्हीसाठी आम्ही कोडी सुचवू; पडदे अनेक असतील तर जेलीफिन. दोन्ही विनामूल्य आहेत. चित्रफिती आपल्याजवळ असल्या, की इंटरनेट नसलेल्या शाळेतही ती चालतात. वरचा गुणाकार मात्र मुलांकडूनच करून घ्यावा.