माइक गायकाच्या अंगणात

लेखमाला : थोडक्या पैशांतला माहितीपट – भाग ६

1928 साली झांझिबारची तारब या संगीतप्रकारातली गायिका सिती बिंती साद आपल्या साथीदारांसह मुंबईत आली. ग्रामोफोन कंपनीला स्वाहिली गाणी मुद्रित करायची होती, म्हणून ही मंडळी समुद्र ओलांडून इथे आली, यंत्रापुढे गायली आणि परत गेली. त्या तबकड्या पूर्व आफ्रिकेत हातोहात खपल्या. गायकाने यंत्राकडे जायचं, अशीच तेव्हाची रीत होती.

आता यंत्र पाठीवरच्या पिशवीत मावतं आणि ते घेऊन गायकाच्या अंगणात जाता येतं. पण अंगणात पोहोचल्यावर काय करायचं, हे यंत्र सांगत नाही. मागच्या भागात आपण मुलाखतीविषयी बोललो. आजचा विषय लोकसंगीतकारांवरचा माहितीपट. उदाहरणं आफ्रिकेतली घेतली आहेत, कारण तिथे अशी कामं चिकाटीने झाली आहेत आणि गफलतींची किंमत किती मोठी असते तेही तिथे स्पष्ट दिसतं.

सुरुवात आवाजापासून करू. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात राहणाऱ्या लुओ लोकांचं न्यातिती हे आठ तारांचं वाद्य आहे. वादक बुटक्या तिवईवर बसतो, दोन्ही हातांनी तारा छेडतो आणि गातो. त्याच्या पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडं असतं. ते वाद्याच्या कडेवर आपटून तो ठेका धरतो. त्याच पायाला घुंगरांसारखे खुळखुळे बांधलेले असतात. म्हणजे सूर, शब्द, ताल आणि झंकार, सगळं एकाच माणसाकडून येतं. नवखा कॅमेरावाला बहुतेक वेळा चेहऱ्यावर जातो आणि तिथेच थांबतो. अर्धं संगीत खाली पायाशी चाललेलं असतं, ते चौकटीबाहेर राहतं. म्हणून पहिलं गाणं कॅमेरा बंद ठेवून ऐकावं, वाद्याचा प्रत्येक आवाज कुठून येतो ते पाहावं आणि मगच तिपाई कुठे लावायची ते ठरवावं.

कॅमेऱ्यातल्या माइकवर विसंबू नका. त्यात कोंबड्या येतात, रस्त्यावरची मोटारसायकल येते, तारा मात्र पातळ ऐकू येतात. एक छोटा रेकॉर्डर वाद्याजवळ, पायाचा ठेकाही पकडेल असा ठेवा. गळ्यासाठी वेगळा माइक लावा. आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे संकलनात चित्र आणि ध्वनी जुळवता येतील. गाणं सुरू झालं की ते संपेपर्यंत कॅमेरा थांबवू नका. ‘बोटांचा क्लोजअप हवाय, पुन्हा वाजवा’ असं सांगून उपयोग होत नाही. लोकगायक दुसऱ्यांदा गातो तेव्हा लय बदलते, शब्द बदलतात, समोर बसलेल्या माणसाचं नाव गाण्यात शिरतं. पहिल्या गाण्याच्या आवाजावर दुसऱ्या वेळची बोटं बसत नाहीत, आणि संगीत कळणाऱ्या प्रेक्षकाला ते लगेच खटकतं. एकच कॅमेरा असेल तर सबंध माणूस दिसेल असा दृश्यकोन धरून ठेवावा. दहा तुकड्यांपेक्षा असं एक अखंड चित्रण मला केव्हाही मोलाचं वाटतं.

लोकसंगीत टिपण्याचं काम नैरोबीच्या ‘केतेबुल म्युझिक’ने फार निष्ठेने केलं आहे. 2007 मध्ये ताबू ओसुसा यांनी ही संस्था सुरू केली. न्यातितीच्या बोटांची चाल गिटारवर कशी उतरली आणि त्यातून बेंगा हा संगीतप्रकार कसा वाढला, हे त्यांनी माहितीपट, ध्वनिमुद्रणं आणि पुस्तिका असं एकत्र करून मांडलं. पुढे एका ब्रिटिश संगीत प्रतिष्ठानाबरोबर त्यांनी ‘सिंगिंग वेल्स’ हा उपक्रम सुरू केला. गाडीत फिरता स्टुडिओ घालायचा, गावात जायचं, झाडाखाली माइक लावायचे, आणि प्रत्येक गाण्याचं ध्वनिमुद्रण व चित्रण करून ते जपून ठेवायचं. माहितीपट त्या साठ्यातून मागाहून घडू शकतो. हा क्रम मला पटतो. आधी पटकथा लिहून तिच्यात बसेल एवढंच गाणं उचललं, तर उरलेलं कायमचं हरवतं.

छोट्या निर्मात्याकडे पैसा नसतो, वेळ असतो. रेनो बारे आणि फ्लोराँ द ला तुलाय हे दोन फ्रेंच चित्रकर्ते किन्शासातल्या ‘स्ताफ बेंदा बिलिली’ या रस्त्यावरच्या बँडसोबत पाच वर्षं टिकून राहिले. बँडचे बरेच सदस्य पोलिओने अधू झालेले आणि हाताने चालवायच्या तीनचाकींवर फिरणारे. रोजे हा रस्त्यावर राहणारा मुलगा डबा, वाकवलेली काठी आणि एकच तार यांतून बनवलेलं सातोंगे वाजवत त्यांच्यात आला. तो कॅमेऱ्यासमोरच मोठा झाला. मध्येच त्यांच्या निवाऱ्याला आग लागली आणि सगळं थांबलं. बँडच्या अल्बमचं मुद्रण बरंचसं किन्शासाच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, उघड्यावर झालं. तो 2009 मध्ये निघाला आणि 2010 मध्ये माहितीपट कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. दोन आठवड्यांची भेट देऊन परतणाऱ्याला गरीब आणि अपंग वादकांचं करुण चित्र मिळालं असतं. पाच वर्षं राहिल्यामुळे यांना माणसं मिळाली : जिद्दी, तालमीला कडक, आपल्या संगीतावर ठाम विश्वास असलेली.

आता हक्कांचा प्रश्न. नव्या निर्मात्यांना तो कंटाळवाणा वाटतो, पण मला तो सगळ्यांत निकडीचा वाटतो. 1939 साली जोहान्सबर्गमध्ये सॉलोमन लिंडा यांनी आपल्या साथीदारांसह ‘म्बुबे’ गायलं. त्यावर बेतलेलं इंग्रजी गाणं जगभर गाजलं, डिस्नेच्या चित्रपटातही आलं. लिंडा 1962 मध्ये दारिद्र्यात वारले. दक्षिण आफ्रिकेच्या फ्रान्स्वा फेरस्टर यांनी 2002 मध्ये ‘अ लायन्स ट्रेल’ या माहितीपटातून ही कहाणी लोकांपुढे आणली. लिंडा यांच्या मुलींनी न्यायालयीन लढा दिला आणि 2006 मध्ये तडजोड होऊन त्यांना हक्काचे पैसे मिळाले.

‘परंपरागत गीत’ असं श्रेयनामावलीत टाकून मोकळं होणं म्हणजे याच अन्यायाची छोटी आवृत्ती. चाल परंपरेची असेल, पण त्या दिवशी ती गायली एका माणसाने, त्याच्या शब्दांत. त्याचं नाव, त्याच्या साथीदारांची नावं, गाव आणि तारीख लिहून घ्या. गाणं कुठेकुठे वापरणार, पैसे आले तर वाटणी कशी, हे त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा आणि मग सही किंवा अंगठा घ्या. वाचता न येणाऱ्यासाठी ही संमती कॅमेऱ्यावरही नोंदवा. मानधन चित्रणाच्या दिवशीच द्या; ‘फिल्म विकली गेली की देऊ’ हे वचन बहुधा पाळलं जात नाही.

आणि प्रत परत द्या. 1950 मध्ये ह्यू ट्रेसी यांनी केनियातल्या किप्सिगिस लोकांची गाणी मुद्रित केली. अमेरिकन गायक जिमी रॉजर्स यांच्या तबकड्या तिथे पोहोचल्या होत्या. रॉजर्स यांच्याविषयी किप्सिगिस मुलींनी गायलेलं एक गाणं ट्रेसींच्या मुद्रणांत होतं. पुढे ते परदेशी रसिकांच्या फार आवडीचं झालं. मुद्रणं दक्षिण आफ्रिकेतल्या संग्रहालयात नीट जपली गेली. ‘सिंगिंग वेल्स’ आणि ते संग्रहालय यांनी मिळून ती किप्सिगिस गावात परत नेली, तेव्हा 65 वर्षं लोटली होती. त्या मुद्रणांतले काही गायक तोवर हयात होते. बहुतेकांनी आपला आवाज पुन्हा कधी ऐकलाच नाही.

या लेखमालेचे जे वाचक सध्या चित्रीकरणाच्या तयारीत आहेत, त्यांना विनंती आहे : अंदाजपत्रकात पहिली ओळ परतीच्या भेटीच्या प्रवासखर्चाची घाला. कॅमेऱ्याचं भाडं तिच्याखाली लिहा. पुढच्या भागात संकलनाकडे वळू.