गोळी कोणती, ते आधी सांगा

तिशी ओलांडलेली बाई चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते, तेव्हा तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं. बाहेरचं खाणं, जागरण, ऑफिसातली कटकट, बदललेला फेसवॉश. घरच्यांचं निदान तर केव्हाच झालेलं असतं : अंगात उष्णता वाढली आहे. दर तीन महिन्यांनी दंडात घेतलेलं इंजेक्शन मात्र या यादीत येत नाही. ते तिच्या लेखी औषध नसतंच, दुसऱ्या मुलाला जरा उशीर व्हावा म्हणून केलेली सोय असते. डॉक्टरांनीही विचारायचं राहिलं, तर पुढचे काही महिने नुसती मलमं बदलण्यात जातात.

त्याच दवाखान्यातून दुसरी बाई गर्भनिरोधक गोळ्यांचंच पाकीट लिहून घेऊन बाहेर पडते आणि तेही मुरुमांवर उपाय म्हणून. लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीत तर हे पाकीट घरी दिसलं की आईचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गर्भनिरोधकाने मुरुमं येतात आणि गर्भनिरोधकाने मुरुमं जातात. 'हार्मोनच्या गोळ्या' असं एकच लेबल लावून आपण ज्या औषधांना एका पिशवीत टाकतो, त्यांतली काही चेहऱ्याच्या बाबतीत एकमेकांच्या नेमकी उलट वागतात. कोणतं हार्मोन, किती आणि सोबत दुसरं कोणतं, हे कळल्याशिवाय त्वचेचा हिशेब लागत नाही.

मुरुमाची सुरुवात त्वचेखालच्या तैलग्रंथींत होते. या ग्रंथी अँड्रोजेन गटातल्या हार्मोन्सच्या हुकमावर चालतात. ही पुरुषी म्हणून ओळखली जाणारी हार्मोन्स बायकांच्या शरीरातही असतात, बीजाशयातून आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून थोड्या प्रमाणात तयार होतात. त्यांचा जोर वाढला की तेल जास्त सुटतं, रोमछिद्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. त्वचेखाली हे सुरू झाल्यापासून पुटकुळी डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. म्हणून काल खाल्लेल्या वड्याला आजच्या पुटकुळीचा दोष देण्यात फारसा अर्थ नसतो. मोठ्या वयातली मुरुमं बहुधा हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि मानेपर्यंत येतात, खोल असतात, दुखतात आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात उसळतात. वयाबरोबर ती आपोआप जातात, ही समजूतही पुरती खरी नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत विशीतल्या निम्म्या आणि तिशीतल्या ३५ टक्के स्त्रियांनी आपल्याला मुरुमं येत असल्याचं सांगितलं होतं. चाळिशीतही हे प्रमाण २६ टक्के होतं.

आता गोळीकडे येऊ. १९५१ च्या ऑक्टोबरात मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरॉन हा रेणू तयार झाला. कार्ल जेरासी यांच्या गटातल्या लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ती शेवटची पायरी पार पाडली. तोंडाने घेता येईल असं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, म्हणजे प्रोजेस्टिन, हवं होतं आणि ते मिळालं. पण त्याची रचना टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातली होती. या घराण्याचा गुण कमीअधिक प्रमाणात पुढच्या पिढ्यांतही उतरला. आज जगभर वापरलं जाणारं लेव्होनॉर्जेस्ट्रेल त्याच वंशातलं आहे. ते गर्भ राहू देत नाही, पण तैलग्रंथींना थोडंसं अँड्रोजेनसारखं भासतं.

मग लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळ्या घेणाऱ्या सगळ्याच बायकांचे चेहरे का बिघडत नाहीत? कारण बहुतेक गोळ्यांत ते एकटं नसतं. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी किंवा आशाताईंकडून मिळणारी माला-एन घ्या. तिच्या एका गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिलइस्ट्राडायॉल असतं. (पाकिटातल्या शेवटच्या सात वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या, त्यांचा इथे संबंध नाही.) एथिनिलइस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन यकृताला एसएचबीजी नावाचं प्रथिन जास्त बनवायला लावतं. हे प्रथिन रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवतं. शिवाय गोळीमुळे बीजाशयाचं कामच मंदावतं आणि तिथून येणारं अँड्रोजेन कमी होतं. त्यामुळे एकूण जमाखर्च बहुधा त्वचेच्या बाजूने पडतो. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा अशा मिश्र गोळ्यांनी मुरुमं कमी होतात हे स्पष्ट दिसलं. गोळ्या-गोळ्यांमधला फरक मात्र त्यात फार ठळक निघाला नाही.

त्वचारोगतज्ज्ञ तरीही काही नावांना झुकतं माप देतात. ड्रॉस्पिरेनॉन हे प्रोजेस्टिन स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाबाच्या औषधाच्या जवळचं, अँड्रोजेनला अडवणारं. सायप्रोटेरॉन ॲसिटेटही अडवणारंच. अमेरिकेच्या औषध नियामकांनी ड्रॉस्पिरेनॉनच्या एका गोळीला २००७ मध्ये मुरुमांसाठी मान्यता दिली, पण जिला गर्भनिरोधकही हवं आहे अशा स्त्रीसाठीच.

गडबड होते ती इस्ट्रोजेन नसलेल्या साधनांची. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, दंडाच्या त्वचेखाली बसवायची काडी, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू, नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्या. यांत बांधून ठेवणारं प्रथिन वाढवायला कोणी नसतं आणि प्रोजेस्टिनचा स्वभाव उघडा पडतो. काडीच्या चाचण्यांमध्ये शंभरातल्या तेरा-चौदा जणींनी मुरुमांची तक्रार केली होती. २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात मुरुमांवर उपचार घेणाऱ्या २१४७ रुग्णांना त्यांच्या गर्भनिरोधकाबद्दल विचारलं गेलं. इंजेक्शन, काडी आणि हार्मोनवाली तांबी वापरणाऱ्यांनी त्रास वाढल्याचं जास्त वेळा सांगितलं, मिश्र गोळ्या वापरणाऱ्यांनी कमी झाल्याचं. हा रुग्णांनी स्वतः सांगितलेला अनुभव आहे, त्यावरून प्रत्येकीचं भाकीत करता येत नाही. काडी बसवूनही नितळ चेहऱ्याने वावरणाऱ्या बायका पुष्कळ आहेत.

अंतराबद्दल आणखी एक गोष्ट. गोळी उद्यापासून थांबवता येते, काडी काढता येते. इंजेक्शन एकदा टोचलं की परत घेता येत नाही. त्यातलं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन तीन महिन्यांहून अधिक काळ शरीरात रेंगाळतं. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेची क्षमता परतायला सरासरी सात ते दहा महिने लागतात, तसा त्वचेलाही वेळ द्यावा लागतो.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे आणि तिला कोणी गर्भनिरोधक म्हणत नाही. गौरी-गणपती, घरचं लग्न, वारी किंवा सत्यनारायण जवळ आला की केमिस्टकडून 'पाळी पुढे ढकलायची गोळी' आणली जाते. ती गोळी म्हणजे तेच १९५१ सालचं नॉरएथिस्टेरॉन, दिवसातून तीन वेळा. चार-आठ दिवसांच्या वापराने कायमचं काही बिघडत नाही, पण पुटकुळ्या उठू शकतात. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे, त्यांनी तर ती स्वतःच्या मनाने घेऊच नये. दर सणाला ही गोळी घेणाऱ्या बाईला डॉक्टरांनी 'काही हार्मोन्स घेता का?' असं विचारलं, तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते.

याच्या उलट प्रसंग गोळी बंद केल्यानंतरचा. पीसीओएस या बीजाशयाशी निगडित हार्मोनच्या विकारासाठी किंवा मुरुमांसाठी वर्ष-दोन वर्षं मिश्र गोळी घेतली, चेहरा स्वच्छ झाला, लग्न ठरलं किंवा मूल हवं म्हणून गोळी थांबवली आणि तीन-चार महिन्यांत हनुवटीवर पुन्हा तेच. 'गोळीची सवय लागली' असं बायका म्हणतात. सवय नव्हे, गोळीने दाबून ठेवलेलं अँड्रोजेन मोकळं झालं एवढंच. ती थांबवण्याआधीच लावायचं औषध सुरू करून ठेवलं, तर हा तडाखा बराच सौम्य होतो.

लावायची औषधं साधी आहेत, फक्त धीर मागतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड (उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे वापरावेत, रंगीत कापडावर डाग पडतात), रात्री वाटाण्याएवढं अ‍ॅडापॅलीन, काहींना अझेलाइक अ‍ॅसिड. सुरुवातीला त्वचा सुटते, आग होते आणि तिसऱ्या आठवड्यात बहुतेक जणी ट्यूब ड्रॉवरमध्ये टाकून देतात. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. गर्भ राहण्याची इच्छा असेल तर अ‍ॅडापॅलीन सोडायचं, अझेलाइक अ‍ॅसिड चालतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पुटकुळीपेक्षा तिचा काळा डाग जास्त दिवस टिकतो, त्यामुळे सनस्क्रीन हा उपचाराचाच भाग आहे. लिंबू चोळणं, टूथपेस्ट लावणं यांनी डाग वाढतात. मैत्रिणीने सुचवलेल्या 'गोरं करणाऱ्या' क्रीममध्ये स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं इतकी झाली, की २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय होणाऱ्या विक्रीवर बंधन आणलं. स्टेरॉइडने चेहरा आठवडाभर उजळतो आणि मग मुरुमं दुपटीने येतात.

पोटात घ्यायच्या औषधांत स्पायरोनोलॅक्टोनचं नाव अलीकडे जास्त ऐकू येतं. मुळात रक्तदाबाचं हे औषध २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ४१० स्त्रियांवरच्या चाचणीत उपयोगी ठरलं. १२ आठवड्यांत फरक थोडा होता, २४ आठवड्यांत बराच. गरोदरपणात ते घेता येत नाही. आयसोट्रेटिनॉइनचं तर आणखी कडक : त्याने गर्भात गंभीर व्यंग येतं, म्हणून ते चालू असताना पक्कं गर्भनिरोधक लागतंच. डॉक्सिसायक्लीनने गोळी निकामी होते ही भीती मात्र निराधार आहे. गोळीचा परिणाम घालवणारं प्रतिजैविक म्हणजे क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन.

मुरुमांसाठी मिश्र गोळी मागण्याआधी फ्रान्समधलं प्रकरण माहीत असलेलं बरं. तिथे सायप्रोटेरॉनची 'डायान ३५' केवळ मुरुमांसाठी मान्य होती, पण वर्षानुवर्षं सर्रास गर्भनिरोधक म्हणून लिहिली जात होती. गुठळ्यांमुळे झालेल्या मृत्यूंची चर्चा पेटली आणि २०१३ मध्ये तिची विक्री थांबवली गेली. युरोपीय औषध संस्थेने फेरतपासणी केली आणि इतर उपाय थकलेल्या, अँड्रोजेनशी संबंधित मध्यम ते तीव्र मुरुमांपुरती तिची मुभा कायम ठेवली. पुढच्या वर्षी ती फ्रान्समध्ये परतली. त्याच सुमारास त्या संस्थेने मांडलेले आकडे असे : गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना शिरेत गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या मिश्र गोळीवर ५ ते ७ जणींना, ड्रॉस्पिरेनॉनवर ९ ते १२ जणींना. म्हणजे त्वचेला जी गोळी जास्त मानवते, तिचाच गुठळीचा धोका थोडा अधिक. धोका एकूण लहानच आहे. पण पस्तिशीपुढे सिगारेट ओढणारी, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी होणारी, रक्तदाब असलेली किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई असेल, तर डॉक्टर ही गोळी देत नाहीत आणि त्यांनी देऊही नये.

हार्मोनच नको वाटलं तर साधी तांबी आहे, दहा वर्षांपर्यंत चालते आणि त्वचेच्या वाट्याला जात नाही. छाया ही गोळीही आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं हे औषध 'सहेली' नावानेही विकलं जातं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची. तिच्यात इस्ट्रोजेनही नाही, प्रोजेस्टिनही नाही. मात्र मुरुमांमागे पीसीओएस असेल तर छाया चालत नाही, आणि हनुवटीवरच्या हट्टी मुरुमांमागे पीसीओएस असणं काही दुर्मीळ नाही. म्हणून साधन बदलायचं ठरलं, तरी आधीचं बंद करण्यापूर्वी सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि जुनं पाकीट घेऊन एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं लागतं.