चित्रपट-जाहिरातकला, महाराष्ट्रातील

चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी निर्माण झालेली भित्तिपत्रके, रंगविलेले फलक, स्थिरचित्रे, चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात लावावयाची प्रदर्शनपत्रे, गीतपुस्तिका आणि नटनटींची छायाचित्रे यांचा समावेश या कलेत होतो. मूळ हेतू व्यापारी व आयुष्य फार तर काही आठवड्यांचे, असे हे साहित्य आहे. चित्रपट उतरला की त्याची रद्दी होई. तथापि गेल्या काही दशकांत चित्रकला, मुद्रणतंत्र, वेशभूषा आणि लोकरुची यांचा पुरावा म्हणून त्यास मोल आले आहे. भारतात सु. १,३०० मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्णतः वा अंशतः उरलेले फारच थोडे आहेत. सैरंध्री (१९२०) आणि पहिला भारतीय बोलपट आलम आरा (१९३१) यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. अशा चित्रपटांच्या दृश्यरूपाविषयी जे काही समजते, ते बव्हंशी या कागदांवरूनच.

या कलेचा उगम चित्रपटापूर्वीच्या शिलामुद्रणात आहे. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईस घाटकोपर येथे मुद्रणालय काढले. पुढे ते लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले. पुणे-लोणावळा लोहमार्गाने आकुर्डी-रावेतचा परिसर मागे टाकून पश्चिमेस गेले, की कार्ल्याच्या परिसरात हे गाव लागते. येथे छापलेली शकुंतला, दमयंती, लक्ष्मी व सरस्वती यांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. प्रत्येक रंगासाठी जर्मनीहून आणलेल्या चुनखडकाच्या स्वतंत्र शिळेवर चित्र काढीत आणि एकाच कागदावर ते रंग क्रमाने उमटवीत. एका चित्रास दहा-बारा शिळाही लागत. रविवर्म्यांनी हे मुद्रणालय पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकले. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत ते भस्मसात झाले.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी या मुद्रणालयासाठी काही काळ काम केले होते, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. राजा हरिश्चंद्र (१९१३) मधील पात्रांची उभे राहण्याची ढब, पडद्यांची मांडणी आणि दागदागिने पाहिले, की रविवर्म्यांची चित्रे हलू लागल्याचा भास होतो. प्रेक्षकांची नजर त्या चित्रांवर आधीच घडलेली होती.

भित्तिपत्रकास स्वतंत्र कलाकृतीचा दर्जा मिळवून देण्याचे श्रेय कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांस द्यावे लागते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे मूळ नाव. आपले नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासमवेत त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले होते. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावर ते पात्रांची वेशभूषा व देखावे प्रथम कागदावर रेखाटीत आणि चित्रपट पुरा झाला की त्याची भित्तिपत्रके स्वतःच रंगवीत. छायाचित्रे व कथासार असलेल्या पुस्तिका काढण्याची प्रथाही त्यांनी पाडली. कल्याण खजिना (१९२४) या चित्रपटाचे त्यांचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने सचित्र भारतीय चित्रपट-भित्तिपत्रक समजले जाते. तोपर्यंतच्या जाहिराती बहुधा मजकुराच्या असत. बाबूरावांनी प्रसंगच समोर उभा केला.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले (१८९२–१९४५) व एस. फत्तेलाल (१८८६–१९६४) हे १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी होत. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. तुतारी फुंकणारी स्त्री हे प्रभातचे बोधचिन्ह महाराष्ट्रात एवढे परिचित झाले, की चित्रपटाचे नाव वाचण्यापूर्वीच प्रेक्षक ते ओळखीत. बोधचिन्ह, अक्षरलेखन, पुस्तिकेचे मुखपृष्ठ व पडद्यावरील नेपथ्य यांत एकच दृष्टी वावरते, हे प्रभातच्या संकल्पनाचे वैशिष्ट्य होय. समकालीन कंपन्यांत इतकी एकसूत्रता क्वचितच आढळते.

तारकांची छायाचित्रे हा या कलेचा सर्वाधिक लोकप्रिय भाग. अयोध्येचा राजा (१९३२) मधील दुर्गा खोटे, कुंकू (१९३७) मधील शांता आपटे आणि माणूस (१९३९) मधील शांता हुबळीकर यांची स्थिरचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पहिलीत राणीचे संथ, मूर्तिवत् रूप आहे. दुसरीत संतापलेली, समोर रोखून पाहणारी तरुणी. तिसरीत दुखावलेल्या स्त्रीचे उसने हसू. सात वर्षांत मराठी पडद्यावरील नायिका किती बदलली, हे येथे एका दृष्टिक्षेपात कळते. ब्रह्मचारी (१९३८) मधील मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखातील दृश्याने त्या काळी मोठी खळबळ उडाली. १९४१ मध्ये लीला चिटणीस एका प्रसिद्ध साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात. कुलीन घरातील स्त्रीने चित्रपटात जावे की नाही, यावर वाद चालू असतानाच तिचा चेहरा विश्वासार्हतेची खूण म्हणून वापरला जाऊ लागला होता.

ही छायाचित्रे सहज टिपलेली नसत. मोठ्या आकाराच्या प्रतिमापट्टीवर, प्रखर दिव्यांच्या योजनेने ती घेत आणि मग टोकदार पेन्सिलीने पट्टीवरच सुरकुत्या व डाग पुसत. त्यामुळे तारकेचे जुने चित्र पाहताना तिचे सौंदर्य आणि संस्करणकाराची हातोटी यांत विवेक करणे अगत्याचे ठरते. उत्तरकाळात जितेंद्र आर्य (१९३१–२०११) आणि गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी हा प्रकार पुढे नेला. राजाध्यक्षांच्या चेहरे या पुस्तकामुळे तो मराठी वाचकाच्या घरात पोहोचला.

भित्तिपत्रकांच्या क्षेत्रात एस. एम. पंडित (१९१६–९३) यांचे कसदार शरीरचित्रण आणि कोल्हापूरचे जी. कांबळे (१९१८–२००२) यांचे भव्य फलक विशेष उल्लेखनीय आहेत. कांबळ्यांनी रंगविलेले शिवछत्रपतींचे चित्र महाराष्ट्र शासनाने स्वीकारले, यावरून जाहिरातचित्रकार व ‘खरा’ चित्रकार हा भेद किती तकलादू आहे ते दिसते. एम. एफ. हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगविले होते. १९७० नंतर दिवाकर करकरे यांनी छायाचित्रावर सुरीने जाड रंग फासण्याची आक्रमक शैली रूढ केली. संगणकीय छपाई व प्लॅस्टिकचे फलक आल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने रंगविण्याचा व्यवसाय जवळजवळ संपुष्टात आला.

जुने भित्तिपत्रक अस्सल की पुनर्मुद्रित, हे ओळखण्याचा पहिला उपाय साध्या भिंगाचा. शिलामुद्रणात रंगाचे कण अनियमित दिसतात व रंगांच्या कडा किंचित सरकलेल्या असतात. ऑफसेट छपाईत ठिपक्यांच्या नियमित ओळी दिसतात. अर्थात नंतरच्या काळातील अस्सल भित्तिपत्रकेही ऑफसेटवरच छापलेली असल्याने, चित्रपटाचे वर्ष व मुद्रणतंत्र यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहावे लागते. घड्यांच्या खुणा हा दोष समजू नये. भित्तिपत्रके घडी घालून चित्रपटगृहांकडे पाठवीत, आणि खळ लावून भिंतीवर चिकटविलेले पत्रक सहसा वाचत नसे. म्हणजे आज उरलेली पत्रके बहुतेक न वापरलेलीच आहेत. हलक्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो. त्यावर चिकटपट्टी लावणे घातक असते. आम्लरहित कागदात, अंधारात व कोरड्या जागी सपाट ठेवणे हाच सामान्य संग्राहकास शक्य असलेला उपाय होय.

चित्रपटाच्या फितीची स्थिती याहून बिकट आहे. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फीत अत्यंत ज्वालाग्राही असून कालांतराने तिचे विघटन होते. शिवाय तीतील चांदी काढण्यासाठी जुन्या प्रती विकून टाकण्याचा प्रघात होता. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा मूकपटांचा बराचसा ठेवा नष्ट झालेला होता. संग्रहालयाचे पी. के. नायर (१९३३–२०१६) यांनी गावोगाव फिरून फितींबरोबरच भित्तिपत्रके, पुस्तिका व स्थिरचित्रेही मिळविली. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेत १९६० मध्ये चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली. त्याच आवारात साठविलेल्या नायट्रेट फितींना जानेवारी २००३ मध्ये आग लागून अनेक जुन्या चित्रपटांच्या फिती जळाल्या. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. तेथील छायाचित्रे व भित्तिपत्रके यांचे अंकीकरण हाती घेण्यात आले आहे. खासगी घरांत, जुन्या चित्रपटगृहांच्या माळ्यांवर व रद्दीच्या दुकानांत पडून असलेल्या साहित्याची मोजदाद मात्र झालेली नाही.